अक्षरी चारशे

ग्युम्रीत थडग्यावरचा मजकूर अक्षरावर मोजतात.
अक्षराला चारशे द्राम, स्वल्पविरामाला अर्धे.
पूर्णविराम वराझ्दात कोरतच नाही.
म्हणतो, ज्याच्यासाठी दगड आलाय
त्यानं तो आधीच दिलेला असतो.

मी एकसष्टीचा कवी. चार संग्रह,
त्यातले दोन पलंगाखाली.
म्हटलं दगड आत्ताच सांगून ठेवावा,
काळा टफ महाग होत चाललाय,
आणि मागं राहिलेले लोक काय लिहितील याचा भरवसा नाही.
बारा ओळी घेऊन गेलो. शाईतल्या. चौघडी घालून.

त्यानं चष्मा कपाळावरून नाकावर आणला,
ओठ हलवत अक्षरं मोजली.
"'अथांग' काढ. खोली मी देतो."
काढलं.
"'एकाकी' कशाला? इथं दोन्ही बाजूंना शेजार आहे."
काढलं.
"'वादळ'? मेलिकसेत, तू पाणीपट्टीच्या खिडकीत बसायचास ना?"
चाळीस वर्षांत कुठल्या समीक्षकानं
मला इतकं मन लावून वाचलं नव्हतं.

मग आपली एक चूक त्यानं मोठ्या अभिमानानं सांगितली.
कुणा न्हाव्याच्या दगडावर 'खरा माणूस' कोरायचं होतं,
छिन्नी घसरली, झालं 'बरा माणूस'.
हा नवा दगड द्यायला तयार.
बायको बराच वेळ बघत उभी राहिली,
म्हणाली, राहू दे,
हेच खरं.

मागच्या भिंतीशी हिशेबाच्या वह्या.
त्यातली एक तो उघडत नाही.
भूकंपाच्या त्या डिसेंबरात तो एकोणीसचा होता, बापाच्या हाताखाली,
एकच तारीख इतक्यांदा कोरली
की हात तिच्यावरून आपोआप जायचा.
त्या हिवाळ्यात कुणी अक्षराचा भाव विचारला नाही,
कुणी कविताही आणली नाही.
नावं पुरली.

यावर मला काही सुचलं नाही.
(कवी असून. नोंद घ्यावी.)

दुपारपर्यंत बाराच्या चार ओळी झाल्या, चारांची एक.
तिच्यात एक उपमा होती, लाडकी,
तिनंही शेवटी मान टाकली.
कागदावर राहिलं माझं नाव,
ते दगडाच्या किमतीतच धरलेलं,
आणि दोन खोडलेल्या शब्दांच्या मधे चुकून वाचलेलं
एक 'आणि'.

"हे स्वस्तात पडेल," वराझ्दात म्हणाला.
"मोठ्या लिपीत दोन अक्षरं लागतात, लहानीत एकच,
एका वळणात होतं.
पण लोक घेत नाहीत. शेवटाला शोभत नाही म्हणतात."

मी चारशे द्राम मोजून दिले.
सुट्टे होते.

घरी शुशानिक मसूर निवडत बसलेली.
"काय ठरलं?"
"नाव. पुढं 'आणि'."
"आणि काय?"
"आणि, एवढंच."
तिचा हात थांबला.
"म्हणजे जन्मभर सगळं अर्ध्यावर टाकून उठलास,
कॉफी, भांडण, बाहीचं बटण,
अन् आता मेल्यावरही वाक्य मीच पुरं करायचं?"

इतकं चांगलं वाक्य! मी वही शोधायला उठलो.
"बस," म्हणाली. "निवड."

बसलो. खडे एकीकडे, मसूर वाडग्यात.
एक दाणा मी बराच वेळ उजेडात धरला,
तिनं काही न बोलता तो माझ्या हातातून घेतला
आणि टाकला खड्यांत.
निवडता निवडता वाटलं, हेही तेच काम की,
फक्त इथं
उरलेलं शिजतं.